दुपारची हजेरी

तुमच्या शेतात दुपारी बारा ते तीन दारं कोण धरतं? नाव सांगा. ‘घरचेच धरतात’ असलं उत्तर नको. घरचे म्हणजे कोण, वय किती, आणि त्या वेळी ते माणूस खरं तर कुठं असायला हवं होतं?

कदम बाई, हा प्रश्न तुमचा आहे. आमच्या गावात तुम्ही तो दारोदार विचारलात, उंबऱ्यावर बसून, पदरानं मानेवरचा घाम पुसत, आणि उत्तर मिळेपर्यंत न उठता. आज तो मी छापायला देते आहे, कारण विचारणारं माणूस गेलं आणि प्रश्न जागचा हललेला नाही.

काल तुमचा दहावा झाला. दोघांनी भाषणं केली. एकानं तुम्हाला ‘शिक्षणक्षेत्रातला दीपस्तंभ’ म्हटलं. समुद्र ज्यानं कधी पाहिला नाही त्या बीडच्या माणसाला दीपस्तंभ कशाला आठवावा, कोण जाणे. मला उठून सांगायचं होतं की या बाईंचं संशोधन अर्धवट राहिलंय, ते का राहिलं ते मला विचारा. उठले नाही. तुम्ही म्हणाला असतात, “बरं झालं गप बसलीस क्रांते, तेवढंच एक नवीन शिकलीस.”

तर आता लिहिते. सगळं सांगेपर्यंत मला स्वस्थ बसवणार नाही.

माझं नाव क्रांती का आहे, हे तुम्हाला माझ्या घरात पाऊल टाकल्यावर कळलं होतं. आमच्याकडे पाटी येण्याआधी पत्रकं आली. माझे वडील, अण्णा, दुष्काळाच्या वर्षांत चारा छावणीसाठी, टँकरसाठी, रोजगार हमीच्या कामांसाठी पत्रकं काढायचे आणि सायकलवरून उमापूरच्या बाजारात नेऊन वाटायचे. उरलेली घरी यायची. फडताळात अंथरायला गुलाबी, डाळीच्या डब्यांखाली पिवळी, माझ्या पुस्तकांना पांढरी. मी अक्षरं जुळवून वाचलेला पहिला शब्द ‘निषेध’ होता. त्यामुळे मला लहानपणापासून एक सवय लागली. काहीही वाईट दिसलं की आधी ते कुणी केलं ते शोधायचं, आणि त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं.

अशी मी अध्यापक विद्यालयात शिकायला आले, आणि तुम्ही भेटलात. बाकी सगळ्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, “मला बाई म्हणा. मी शाळेतली हाय, इथं बदलून आले.”

तो सराव पाठ आठवतो का, बाई? मी तरी तो विसरणार नाही. आमच्याच गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, सहावीला भूगोल. हरभरा घाट्यावर आला होता म्हणजे थंडीचे दिवस. तुम्ही मागच्या रांगेत, मांडीवर वही घेऊन. मी विचारलं, “मध्यान्ह म्हणजे काय?” आणि अख्ख्या वर्गानं हात वर केला. मला काय वाटलं असेल! खरं तर काहीच वाटायचं कारण नव्हतं. आदल्या दिवशी मीच लेकरांना शिकवून ठेवलं होतं की उत्तर येत असेल तर उजवा हात वर करायचा, येत नसेल तर डावा, पण हात सगळ्यांनी वर करायचा. आम्हाला हे आमच्या पुढच्या तुकडीनं शिकवलं, त्यांना त्यांच्या पुढच्या. निरीक्षक येणार म्हटलं की वर्ग बसवायचा, जसं गॅदरिंगचं नाटक बसवतात. मोर्चातल्या माणसाची लेक मी, आणि त्यात काही खोटं आहे असं मला वाटलं नाही. सगळेच करतात.

मी उजव्या हातांकडे बघत होते. तुम्ही उठलात, रांगेतून चालत आलात आणि डावा हात वर केलेल्या रेणुकापाशी थांबलात.

“तुला येत न्हाई ना गं?”

रेणुका माझ्याकडे बघायला लागली. मी खडूकडे.

“घाबरू नको. मी बी डी.एड. असंच केलंय. डावा हात मी बी शिकवलाय लेकरांना.” मग तुम्ही तिच्याशेजारी बाकावर बसलात. “मध्यान्ह सोड. तुझी सावली पायाखाली कधी येती?”

रेणुका चटकन म्हणाली, “पाणी माझ्याकडं आलं की.”

“मंजी?”

“बाराला पाळी बदलती ना. नऊचं पाणी सुदामकाकाचं, बाराचं आमचं. खोरं हातात घेतलं की सावली पायाखाली असती.”

“आन् शाळा?”

“सकाळी असते की. हजेरी देते. खिचडी खाते. मंग जाते.”

वर्ग हसला. मी पण हसले, सुटल्यासारखं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की डाव्या हाताची भानगड निभावली. तुम्ही मात्र हसला नाहीत. वहीत काही लिहिलंत, त्या ओळीखाली रेघ मारलीत आणि मला म्हणालात, “चालू दे पाठ.” पाठाला चांगले गुणही दिलेत. मला वाटलं, मी जिंकले.

दारं धरणं म्हणजे काय, हे गाव सोडून गेलेल्या वाचकांसाठी सांगते. पाटातून पाणी येतं. एक वाफा भरला की त्याच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा आणि पुढच्या वाफ्याचं तोंड खोऱ्यानं उघडायचं. तीन तास हेच, पाय चिखलात आणि डोकं उन्हात. आमच्या भागात रब्बीला पाणी लागतं ते दिवाळी ते गुढीपाडवा, आणि नेमक्या त्याच महिन्यांत घरातली धडधाकट माणसं ऊस तोडायला कारखान्यांकडे गेलेली असतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. म्हातारा बांधावर बसून सांगतो, लेकरू खोरं चालवतं.

हे आधी नव्हतं, ही तर खरी गोष्ट. आधी वीज रात्रीची असायची. अंधारात कुणी लेकराला, त्यातून मुलीला, रानात पाठवत नव्हतं. मागे राहिलेला एखादा चुलता, एखादा शेजारी जायचा आणि दोन-चार घरांचं पाणी धरून यायचा. मग आमच्या गावानं सोसायटी केली, सामाईक विहिरीवर सोलर बसवलं, आणि पाणी दिवसाचं झालं. दिवसाला भीती नाही. म्हणून लेकरं गेली.

तुम्ही हे सोलरच्या प्लेटांखाली बसून शोधलंत. आमच्या माळावर दुसरी सावली कुठं आहे? दुपारी तिथं शेळ्या बसतात, बाया बसतात, आणि त्या दोन हिवाळ्यांत तुम्ही बसलात. लोक म्हणायचे, “बाई, तुमी शाळेच्या. मोटरीपशी काय करायल्यात?” तुम्ही म्हणायचात, “माझी शाळा दुपारी इकडंच भरती ना.”

आता माझा गुन्हा.

तुमचं संशोधन होतं आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या लेकरांचं शाळेत कसं जुळतं यावर. त्यासाठी एक छापील चाचणी होती, हो-नाही प्रश्नांची. शाळेत मन लागतं का, वर्गात एकटं वाटतं का, घरची काळजी वाटते का. ती भरून घ्यायला तुम्ही आम्हा विद्यार्थ्यांना शाळा वाटून दिल्या. आमच्या गावची शाळा माझ्याकडे आली. निघताना तुम्ही बजावलंत, “लेकराला जे वाटतंय ते येऊ द्या. तुमी फक्त वाचा.”

आणि मी काय केलं? आदल्या दिवशी वर्ग बसवला. “उद्या मोठ्या बाईंचा कागद आहे. शाळा आवडते का विचारलं की हो म्हणायचं. एकटं वाटतं का विचारलं की नाही.” मला वाटलं, मी शाळेची इज्जत राखते आहे. गुरुजी खूश. लेकरंही खूश, कारण उत्तरं आधीच माहीत असलेला पेपर त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता. त्यात रेणुकापण होती. तिनं विचारलं होतं, “ताई, दुपारी करमत न्हाई असं लिहू का?” मी म्हणाले, “ते विचारलेलंच नाही.”

हे वाक्य मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. ते विचारलेलंच नाही, असं मी म्हणाले.

गठ्ठे परत आल्यावर तुम्ही स्टाफरूममध्ये बसून एकेक कागद वाचत होतात. आम्ही चौघीजणी समोर उभ्या. मग चष्मा काढलात.

“कमाल हाय. इतकी सुखी लेकरं साऱ्या जिल्ह्यात नसतील. मी एकटी ऱ्हाते, दोन टाइम खाते, पगार घेते, तरी माझे एवढे मार्क येणार न्हाईत.”

आमच्यातली एक हसली. मी म्हणाले, “बाई, वर्ग खरंच चांगला आहे.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं बघितलं असतंत तर मी तिथंच कबूल केलं असतं, असं मी गेले कित्येक दिवस स्वतःला सांगते आहे. पण तुम्ही नुसतं बघितलंत, मग सुतळी घेतलीत, गठ्ठा बांधलात आणि वर निळ्या पेनानं ‘बाद’ असं लिहिलंत. एकाच शाळेचा नाही, सगळ्यांचा. कुणी केलं, हे विचारलं नाहीत. माझ्यासारखीला हे समजणंच शक्य नव्हतं. गुन्हा आहे आणि गुन्हेगाराचं नाव नको?

चाचणी पुन्हा घ्यायची तर आईबाप पुन्हा गेलेले असायला हवेत. म्हणजे पुढची दिवाळी. म्हणजे एक वर्ष. तेच वर्ष तुम्हाला शेवटी कमी पडलं, बाई. माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही. उठते, पाणी पिते, परत बसते, तेच.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही छापील कागद बाजूलाच ठेवलात. मला बोलावून म्हणालात, “आता आपण चपला मोजायच्या.” मला वाटलं चेष्टा आहे. तुम्ही खरंच मोजायला लावलंत. सकाळी हजेरी झाली की हजर नावं उतरवून घ्यायची. दुपारी दोन वाजता वर्गात न जाता, गुरुजींना न विचारता, दारातल्या चपलांच्या जोड्या मोजायच्या. हजेरीपट सकाळीच भरलेला असतो. चपलांना कुणी शिकवून ठेवत नाही. मग कमी पडलेल्या जोड्या कुणाच्या ते नावानिशी काढायचं, आणि सोसायटीचं पाळीपत्रक, म्हणजे कुठल्या वारी कुणाच्या शेतात किती वाजता पाणी, तो कागद घेऊन शेजारी ठेवायचा.

पहिला आठवडा भरला तेव्हा मी कागदाला कागद लावला. शाळेत ज्या नावाची चप्पल नाही त्या घराचं बारा ते तीनचं पाणी. मंगळवारी एक, बुधवारी दुसरं, शुक्रवारी रेणुका. जणू दोन्ही कागद एकाच माणसानं लिहिले होते. त्यातला एक तर मला ओळखीच्या अक्षरातच दिसत होता. ‘ळ’ची ती लांब शेपटी. लहानपणी मी त्या ‘ळ’वर बोट फिरवून शिकले.

सोसायटीचे सेक्रेटरी माझे अण्णा. पाळीपत्रक त्यांनी लिहिलेलं.

तुम्हालाही ते माहीत होतं. मी घरी गेले आणि पत्रक लिहायला बसले.

त्या पत्रकावरून आपलं जे झालं ते अजून मिटलेलं नाही. ‘लेकरांची शाळा पळवणारं पाणी कुणाचं?’ असं शीर्षक होतं. खाली सोसायटीच्या चेअरमन नानांचं नाव, मोठ्या अक्षरांत. मी कच्चा कागद तुम्हाला वाचायला दिला, शाबासकीच्या आशेनं.

तुम्ही तो वाचलात. “लिहितीस चांगलं,” म्हणालात. “आता हे चुलीत घाल.”

“का?”

“यात नाना चोर दिसायलाय. नाना चोर न्हाई.”

“मग चोर कोण आहे?”

“कुणीच न्हाई. तेच तर अवघड हाय ना. चोर असला की पत्रक लिहायला सोपं जातं.”

“म्हणजे गप बसायचं?”

“गप कोण म्हणतंय? पोळा झाल्यावर सोसायटीची सभा हाय. मी मांडणार हाय तिथं. दुपारचं पाणी ज्यांच्या घरी मोठं माणूस न्हाई त्यांच्याकडं टाकू नका, आन् टाकलं तर सावड करा. पेरणीला करतात, काढणीला करतात, तशी दाऱ्याला करा. आज मी तुझं धरतो, शिमग्यात तू माझं धर. एवढंच. एका कागदात दोन ओळी बदलायच्यात. त्यासाठी माणसं समोर बसलेली पायजेत, पळून गेलेली न्हाई.”

मी म्हणाले की तुमच्यासारख्या लोकांमुळेच काही बदलत नाही. सगळ्यांशी गोड बोलायचं, कुणाला दुखवायचं नाही. असं मी तुम्हाला म्हणाले! ज्या बाईनं वर्षभराचं काम निळ्या पेनाच्या दोन अक्षरांनी टाकून दिलं, तिला.

तुम्ही चिडला नाहीत. कागद घडी घालून माझ्या हातात दिलात आणि विचारलंत, “एक सांग. पाळीपत्रक लिहिलं तुझ्या वडलानं. मंग तुझ्या या कागदात त्यांचं नाव कावून न्हाई?”

मी निघून आले. सभेच्या दोन दिवस आधी पत्रक गावभर वाटलं.

सभेत काय झालं ते मी मागे उभी राहून पाहिलं. तुम्ही वही घेऊन उभ्या राहिलात आणि नानांनी हात वर केला. “बसा बाई. तुमच्या चेलीनं आमाला आधीच शिकवलंय. लेकराचा घास पळवणारे आमी. आमच्यासारख्याच्या सभेत तुमच्यासारख्यानं कशाला तोंड खराब करावं?” कुणीतरी मागून ओरडलं, “आता पत्रकालाच म्हणा दारं धर!” हशा झाला. विषय पुढं गेला. तुम्ही वही पिशवीत ठेवलीत, सभा संपेपर्यंत बसून राहिलात, आणि जाताना नानांना म्हणालात, “येते. दिवाळीच्या आधी परत येईन.” नानांनी होकाराची मान हलवली. ती मान मी पाहिली आहे.

त्यानंतर मी तुम्हाला भेटले नाही. माफी मागायची तर काय म्हणून मागायची ते ठरत नव्हतं. पत्रकाची, की चाचणीची, की त्या वाक्याची. नवरात्रात फोन आला तेव्हा मी माजलगावच्या बसमध्ये होते. फोनवर तुमची भाची होती. ती सांगत होती आणि मी खिडकीतून धरणाकडं पाहत होते. डोक्यात येत होतं की बाई म्हणाल्या होत्या दिवाळीच्या आधी, अजून दिवाळी आलेली नाही, मग असं कसं?

भाचीनं काल मला तुमची पिशवी दिली. “हिच्यात शाळांचं काहीतरी हाय, तुमालाच कळंल,” म्हणाली. आत ती वही. पाच गावं ठरवली होतीत. तीन गावांच्या चपला मोजून झाल्यात. शेवटच्या दोन गावांची नावं लिहून, रकाने आखून, पानं कोरी. बाद गठ्ठासुद्धा होता, सुतळीसकट. फेकला नव्हतात. तुमच्या हातची एक चिठ्ठी त्याला टाचलेली: ‘यात लेकरांची चूक नाही. शिकवणाऱ्यांना आपण असंच शिकवतो. पुढच्या तुकडीला पहिल्या दिवशी सांगणे.’

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आणि माझ्या चुकीतला अर्धा वाटा तुम्ही स्वतःकडे घेऊन ठेवला होता.

दहाव्याहून परत येताना एसटीत अण्णा माझ्या शेजारी बसले होते. पत्रकानंतर आम्ही घरात जेवायला वाढण्यापलीकडे बोलत नव्हतो. गढीचा स्टॉप गेल्यावर ते एकदम म्हणाले, “बाई आपल्या घरी तीनदा आलत्या. तू न्हवतीस.”

“कधी?”

“मागल्या हिवाळ्यात. पयल्यांदा आल्या तवा पाळीपत्रक माझ्यापुढं ठिवलं, आन् शाळेचा कागद त्याच्याशेजारी. काही बोलल्या न्हाईत. मी बघितलं. मला कळलं.”

अण्णांनी समोरच्या सीटची दांडी धरली. “माझ्या भावाला रातच्याला पाणी धरताना पान लागलं, साप चावला, गेला तो. तवापासून मी दिवसाच्या पाण्यासाठी भांडलो. दिवसाचं पाणी मंजी सुखाचं, एवढंच डोक्यात. त्यात लेकरं जातील हे ध्यानातच न्हाई आलं, पोरी. मी लिहिलं ते पाळीपत्रक. माझ्या हातानं लिहिलं. बाईला बी त्या दिवशी हेच सांगितलं.”

मी माझ्या न पाहिलेल्या काकाचं दुःख ऐकत वाढले होते. तरी पाळीपत्रकाशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता. तुम्ही पहिल्याच भेटीत जोडलात.

“दुसऱ्यांदा आल्या ते शुक्रवारचं,” अण्णा म्हणाले. “म्हणाल्या, मला दारं धरायला शिकवा. मला हसायला आलं. म्हणलं बाई, तुमचं वय काय. तर म्हणल्या, रेणुकापेक्षा जास्तीच हाय. पदर खोचला आन् उतरल्या वाफ्यात. तीन वाफे फोडले, पाणी सुदामच्या गव्हात गेलं, सुदाम बोंबलत आला. पण बारा ते तीन पुरं केलं. पोरगी शाळेत बसली त्या दिवशी. शेवटच्या घंटेपस्तोर.”

मला तो शुक्रवार आठवला. चपला मोजायला मीच होते. एक जोडी जास्त भरली. मी तुम्हाला येऊन सांगितलं, “बाई, आज रेणुका आहे, मोजणीत काहीतरी चूक झाली.” तुमच्या पायांना चिखल होता. तुम्ही म्हणालात, “चूक न्हाई. लिही, हजर.”

“मंग?” मी अण्णांना विचारलं.

“मंग काय. पुढचे दोन शुक्रवार मी धरलं. बाईसारखं वाफे फोडले न्हाईत एवढंच.” ते पहिल्यांदा थोडं हसले. “तिसऱ्यांदा आल्या त्या सभेच्या आधी. नानाला मी बोलतो म्हणलं. नाना तयार होता. मंग तुझं पत्रक आलं.”

बास. एवढंच. ते रागावले नव्हते. त्या क्षणी त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. अण्णांचं नाव मी घातलं नाही, कारण ते माझे वडील आहेत आणि मला त्यांच्याच डोळ्यांत मोठं व्हायचं होतं. नानांचं घातलं, कारण ते माझे कुणी नव्हते. निषेध या शब्दावर माझं अजून प्रेम आहे, आणि तुमच्याशी माझं भांडणही अजून संपलेलं नाही. जिथं चोर आहे तिथं मी नाव लिहिणारच, मोठ्या अक्षरांत लिहिणार, तुम्ही कितीही चुलीत घाल म्हणालात तरी. पण जिथं नाही तिथं मी तो बनवला. तुमची वही त्यामुळे पिशवीत परत गेली. हे माझ्या नावावर राहू द्या.

दिवाळी दोन आठवड्यांवर आली आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळाली, बैलगाड्यांच्या चाकांना ग्रीस लागलं. अण्णांनी काल पाळीपत्रकाचा कोरा कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, “सभेत मी मांडतो. पण नाना इचारणार, बाकीच्या गावात काय हाय? बाईकडं पाच गावं होती ना? हजेरी आण.” टोळ्या गेल्या की उरलेली दोन गावं मी करीन. रकाने तुम्ही आखून ठेवलेच आहेत. रेणुका यंदा आठवीत गेली, शाळा लांब पडली. शुक्रवारी बाराला निघाली तर परत पोचणं नाही. म्हणजे पाळीपत्रकातल्या त्या दोन ओळी यंदा बदलल्या तर ती शिकेल, नाही बदलल्या तर तिची शाळा सुटेल. त्याहून मोठं काही मी सांगू शकत नाही.

आता वाचकांनो, तुमच्याकडे वळते. बाईंसाठी फुलं आणू नका, सभा घेऊ नका. तुमच्या गावात दिवसाचं पाणी असेल, सोलरचं असो की कशाचं, तर टोळ्या गेल्यानंतरची फक्त एक दुपार काढा. दोन वाजता शाळेच्या दारात जा आणि चपला मोजा. सकाळी हजर असलेल्या ज्या लेकराची चप्पल तिथं नसेल त्याच्या शेतात जा. त्याच्या हातातलं खोरं मागून घ्या. तुमच्याकडून दोन-तीन वाफे फुटतील, शेजारचा ओरडत येईल, येऊ द्या. त्या लेकराला म्हणा, पाय धुऊन शाळेत जा, तीनपर्यंत मी आहे.

आणि बाईंनी आखून ठेवलेल्या रकान्यासारखा एक रकाना तुमच्या वहीत आखून त्यात लिहा: हजर.